नवरा फौजेतून पेन्शन आलाय पण घरात रमत नाही, सारखी चिडचिड, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर १७ वर्षं नोकरी करून पेन्शन आले, त्यातली अडीच वर्षं काश्मीरला राष्ट्रीय रायफल्समध्ये (अतिरेक्यांशी लढणारी फौजेची तुकडी) काढली, आता सहा महिने घरीच आहेत पण पोरांशी धड बोलत नाहीत, बारीकसारीक गोष्टीवरून ओरडतात, रात्री दोनला उठून गेटची कडी बघून येतात आणि सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. बाहेरचं काही नाही ओ. गेटची कडी मी पण बघायचो.

मी सातारा जिल्ह्यातला, तोफखान्यात होतो. १९९४ ला नाशिक रोडला ट्रेनिंग, २०१३ ला नाईक म्हणून पेन्शन आलो. १९९९ ला कारगिलच्या वेळी द्रासला बोफोर्स तोफेवर होतो. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखाच्या आसपास गोळे आणि रॉकेट टाकले, त्यातले बरेच आमच्या डोळ्यासमोर गेले, कानात कापसाचे बोळे घालून. हे का सांगतोय ते पुढं येईल.

आधी घराचं सांगतो. नोकरीत असताना आपण घरी येतो ते सुट्टीवर. दोन महिने रोज मटण, पाव्हणे, मेजर आले मेजर आले (आमच्याकडं शिपाई असला तरी मेजरच म्हणतात). पेन्शन आल्यावर पण तसंच सुरू झालं, मग पंधरा दिवसांनी मटण बंद झालं आणि तेव्हा मला कळलं की ही सुट्टी नाही.

घर माझ्याशिवाय चालायला शिकलं होतं. बँक, सातबारा, बांधावरून भाऊकीशी भांडण, गाई, पोराची ॲडमिशन, सगळं मिसेसनं एकटीनं केलेलं. एकदा पोरगा शाळेचा फॉर्म सहीला घेऊन आला, मी सोप्यात खुर्चीवर बसलोय, माझ्या पुढून गेला आणि आत चुलीपाशी जाऊन आईची सही घेऊन आला. वाईट हेतू काही नाही, त्याला सवयच तशी. पण मला ते लय लागलं. मग मी काय केलं, दुसऱ्या दिवसापासून घरात रोल कॉल चालू. चपला एका लायनीत पाहिजेत, पाचला उठलंच पाहिजे, गोठ्यातली बादली इथं का नाही. मिसेस एक दिवस म्हणाली, इथं पलटण नाही, आणि मी ताट भिरकावलं. आजपण आठवलं की लाज वाटते.

तिनं नंतर जे केलं ते तुम्ही पण करून बघा. तिनं मला एका कामाचा पूर्ण चार्ज दिला, डेअरीचा. दूध घालणं, फॅट बघणं, पेंड आणणं, दहा दिवसाचं बिल, सगळं माझ्याकडं आणि ती त्यात तोंड घालायची नाही. पहिल्या महिन्यात मी पेंड महाग आणली, तरी एक शब्द बोलली नाही. काम सांगणं वेगळं आणि चार्ज देणं वेगळं, फौजेतल्या माणसाला हा फरक बरोबर कळतो. "जरा बसून आराम करा, लय कष्ट केलेत" असं तर अजिबात म्हणू नका, छत्तिशीच्या माणसाला दिवसभर नुसतं बसवून ठेवलं तर तो चपलाच मोजणार.

दचकण्याचं म्हणाल तर दिवाळीच्या फटाक्याचं मला काही वाटत नाही, ते वाजणार हे माहीत असतं. पण एकदा शेजारच्या रानात विहिरीला सुरुंग लावला, मला कुणी सांगितलंच नाही, उडाला तसा मी उसाच्या सरीत आडवा झालो, चिखलात. बांधावरची पोरं हसली. चार दिवस मी रानात गेलो नाही. त्यानंतर तो विहिरीवाला सुरुंगाच्या आधी फोन करायला लागला, मेजर आता उडवतोय म्हणून. तेवढ्यानं काम झालं बघा. मिस्टरांना पण मागून हाक मारून हलवून उठवू नका, पायाकडून उठवा, पोरांना पण सांगून ठेवा.

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात बरं असतं, घरटी कुणी ना कुणी फौजेत, पारावर बसलं तरी समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्या गावात माणूस एकटा पडतो. त्यांच्या युनिटचा जवळपास कुणी असेल तर त्याला जेवायला बोलवा, दोघं रात्रभर हिंदीत बडबडतील, बडबडू द्या.

पैशाचं थोडक्यात, फंडाची रक्कम आली की पाव्हण्यांना लगेच उसने पाहिजे असतात, तिथं नाही म्हणायचं काम तुम्हीच करा, त्यांच्यानं होणार नाही. आणि कँटीनचा दारूचा कोटा महिना संपायच्या आधीच संपत असेल तर ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. झोपच नाही, जगून काय करायचं असलं बोलणं असेल तर वाट बघत बसू नका, टेली मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःपण लावू शकता. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरकडं रेफर करून मिळतं. त्याला वेडाचा डॉक्टर म्हणणारे म्हणू देत.

आता ते कापसाचं. मला पेन्शन येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं की माझा उजवा कान जवळजवळ गेलाय. मी टीव्ही मोठा लावायचो, मोठ्यानं बोलायचो, पोरगं हळू बोललं की ऐकू यायचं नाही, मला वाटायचं मुद्दाम उत्तर देत नाही आणि त्याला वाटायचं पप्पा कायम रागात. मशीन लावल्यावर घरातलं निम्मं भांडण मिटलं, खोटं नाही सांगत. मिस्टरांनी पण फायरिंग केलंय, स्फोट जवळून ऐकले असतील, तेव्हा कान तपासून घ्याच. फक्त पॉलिक्लिनिकला तुम्ही सोबत जा आणि डॉक्टरसमोर तुम्हीच बोला. एकटे गेले तर सब ठीक है साहब म्हणून परत येतील, मी दोनदा तसाच आलो होतो.