लुका डॉन्चिच गेल्यावर एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डॅलस मॅव्हरिक्सला सपोर्ट करत राहावं का, आणि तो ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) खरंच इतका वाईट होता का?

सपोर्ट करा बिनधास्त, पण ट्रेड बरोबर होता असं स्वतःला पटवत बसू नका, कारण तो नव्हताच. आम्ही लातूरला सकाळी सातला चहा घेत मॅव्हरिक्सच्या मॅच बघायलोत, त्यामुळं दुखणं माहितीय. २०२४ ला ज्यानं टीम फायनलला नेली त्या २५ वर्षांच्या पोराला फेब्रुवारी २०२५ मधे लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमला देऊन टाकलं आन् बदल्यात काय, ३१ चा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक फर्स्ट राउंड पिक, म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचा हक्क. डेव्हिस भारीय हो, पहिल्याच मॅचला २६ पॉइंट अन् १६ रिबाउंड काढले, पण त्याच मॅचमधे दुखापत होऊन बाहेर बसला, मग मार्चमधे आपला दुसरा स्टार कायरी अर्विंगचा गुडघा गेला, संपला सीझन. एप्रिलमधे लुका डॅलसला आला तो लेकर्सच्या जर्सीत, ४५ ठोकून गेला आणि पब्लिक आपल्याच जीएमला (ट्रेड ठरवणारा जनरल मॅनेजर) काढा म्हणून ओरडायली, काय बोलणार राव! (नोव्हेंबरमधे काढलाच त्याला.)

आता कोणी म्हणंल ड्राफ्टमधे कूपर फ्लॅगसारखा भारी नवा पोरगा मिळाला की. मिळाला, पण तो १.८ टक्के चान्स असताना लॉटरीत (पहिला खेळाडू कोण निवडणार याची सोडत) लागला, ती काय मॅनेजमेंटची हुशारी नव्हं. फक्त एक, तुम्ही मुळात लुकासाठीच बघायला लागला असाल तर लेकर्सकडं जा खुशाल, कोणी फितूर म्हणणार नाही.