‘प्रोइबिदांव’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ब्राझीलमधल्या रिओच्या ‘फंक’ या नाचसंगीतातल्या, टोळ्यांच्या गाण्यांना ‘प्रोइबिदाओ’ म्हणतात. मराठीत ‘भूमिगत फंक’ चालेल का?

मला नाही पटत. भूमिगत म्हटलं की बेचाळीसची चळवळ आठवते, सगळं लपूनछपून. ही गाणी तर फावेलातल्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीतल्या, नाचाच्या रात्री, ‘बायली’त, अख्ख्या डोंगराला ऐकू जातात. नसतात ती रेडिओवर.

आधी लेखनाचं बघू. शब्द पोर्तुगीज, आणि त्याचा शेवटचा अनुनासिक उच्चार आपल्या घरातलाच आहे. त्यातूनच आपला ‘पाव’ आला, गोव्याचं ‘सांजांव’ आलं. म्हणून मी ‘प्रोइबिदांव’ लिहितो.

‘प्रोइबिदु’ म्हणजे मनाई केलेलं. त्याला ‘आंव’ लागला की वस्तू थोराड होते, आपल्याकडे सुरीचा सुरा किंवा गाडीचा गाडा होतो तशी. गंमत म्हणजे तिकडेही लिंग बदलतं: ‘कायशा’ ही पेटी, ‘कायशांव’ हा मोठा खोका, आणि शवपेटीही. फंकवाल्यांचा तर हा लाडका प्रत्यय. ‘पंकादा’ म्हणजे तडाखा, त्याचा ‘पंकादांव’ हे फंकचंच एक नाव. स्पीकरची भलीमोठी भिंत रचतात ती ‘पारेदांव’. त्यामुळे ‘प्रोइबिदांव’मध्ये मनाईची धास्ती कमी आणि तोरा जास्त. ‘निषिद्ध’ म्हटलं तर तो तोरा जातो, वर सोवळ्याओवळ्याचा वास येतो.

१९९०च्या दशकापासून ही गाणी वस्ती ज्या टोळीची तिचे गोडवे गातात: कोमांदु व्हेर्मेल्यु असेल तर तिचे. शस्त्रांची नावं, मेलेल्या साथीदारांच्या आठवणी, पोलिसांना शिव्या. ‘हाप दास आर्मास’ या गाण्याचं ‘पारापापापा’ हे धृपद म्हणजे बंदुकीच्या फैरी. त्यावर युरोपातले क्लब मजेत नाचले!

ब्राझीलच्या दंडसंहितेत कलम २८७ आहे, ‘अपोलोजिया’चं. हा शब्द इंग्रजीवरून ‘माफी’ समजू नका. गुन्ह्याचं किंवा गुन्हेगाराचं जाहीर गुणगान, असा त्याचा अर्थ. शिक्षा तीन ते सहा महिने किंवा दंड. २००९मध्ये रिओ राज्याने कायदा करून फंकला सांस्कृतिक चळवळ ठरवलं आणि २०१०च्या डिसेंबरात हीच गाणी गाणारे काही गायक पकडले.

तेव्हा शब्द तोच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘मनाईवाला फंक’ असा खुलासा करा. मात्र प्रत्येक ‘आंव’ थोराड नसतो. गाण्यात ‘अलेमांव’ भेटेल. शब्दशः जर्मन माणूस. टोळीच्या बोलीत शत्रू.