धर्मावरून माणसं दुभंगतात, ते दाखवणारे सिनेमे कोणते बघावेत?

तुम्ही विचारलंय की धर्माच्या भांडणात शेजारीपाजारी एकमेकांना कसे परके होत जातात हे दाखवणारे ऐतिहासिक सिनेमे सुचवा. घरात वडील सत्तरीचे आणि मुलगी बारावीची, दोघांबरोबर बघता यायला हवेत, आणि एकाच बाजूला झोडपणारे नकोत. मी जुन्या नाशकात, भद्रकालीच्या अंगाला राहतो. हे सिनेमे वर्षानुवर्षं बघत आणि मित्रांना धरून धरून दाखवत आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझी कसोटी एकच आहे. सिनेमात व्यवहार दिसतो का? म्हणजे भांडणात घर कुणाचं गेलं, कर्ज कुणाला नाकारलं, कुणी कुणाच्या हातावर किती पैसे टेकवले. मशाली, तलवारी आणि घोषणा कुणालाही दाखवता येतात. धर्माच्या नावाखाली चाललेली देवघेव ज्याने शोधून काढली, त्याला तो काळ कळला असं मी मानतो.

या कसोटीवर सगळ्यात वर 'गर्म हवा'. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू, मूळ कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. सेन्सॉरकडे बराच काळ अडकून शेवटी 1974 मध्ये पडद्यावर आला. फाळणीनंतरचं आग्रा आहे आणि बलराज साहनी सलीम मिर्झा नावाच्या बूट बनवणाऱ्या कारखानदाराचं काम करतात. सिनेमाभर कुणी कुणावर तलवार उगारत नाही. होतं एवढंच, की मिर्झाला कर्ज मिळेनासं होतं. कारण काय, तर बरेच मुसलमान व्यापारी उधारी बुडवून पाकिस्तानात गेले, आता हाही जाईल! मी हा सिनेमा दूध बाजाराकडच्या एका चपलांच्या दुकानदारांना आग्रहाने दाखवला होता. बाकी कशावरच ते बोलले नाहीत, फक्त त्या कर्जाच्या प्रसंगावर बोलले. म्हणाले, "कर्ज न देणारा खोटं बोलत नाहीये हो, म्हणून जास्त लागतं. पळालेत ना लोक खरंच. पण भरायचं ह्याने." मी त्या सिनेमावर पुष्कळ वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

त्याच सिनेमात हवेलीचा भाग आहे. हवेली मोठ्या भावाच्या नावावर, तो पाकिस्तानात निघून जातो, म्हणून ती देश सोडून गेलेल्याची मालमत्ता ठरते आणि सिंधमधून सगळं गमावून आलेल्या अजमानींना मिळते. ए. के. हंगल यांनी केलेले हे अजमानी सज्जन आहेत. मिर्झाशी अदबीने वागतात. त्यांचंही तिकडे घर गेलेलंच आहे. दोन भली माणसं आणि एक घर, कायद्याने एकाला दिलं म्हणजे दुसऱ्याचं गेलं. आपल्या देवळाली कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत, त्यांच्यातल्या जुन्या माणसांबरोबर हा भाग बघायला मिळाला तर जरूर बघा. घर सोडायच्या वेळी म्हातारी आजी लपून बसते, तिला उचलून बाहेर काढावं लागतं. पुढे मरणाच्या वेळी तिला पालखीत घालून शेवटचं त्या हवेलीत नेतात. तुमच्या वडिलांना हा प्रसंग जड जाईल, पण बघू द्या. बलराज साहनींना हा सिनेमा थिएटरात बघायला मिळाला नाही. ते एप्रिल 1973 मध्ये गेले.

दुसरा त्यांच्याच धाकट्या भावाचा. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेला 'तमस', दूरदर्शनवर जानेवारी 1988 मध्ये दाखवला गेला. भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे, आणि कथेतल्या 1947 च्या दंगली त्यांनी स्वतः पाहिलेल्या. पण कादंबरी लिहायला हात कधी लागला? 1970 च्या दंगलीनंतर ते भिवंडीला गेले तेव्हा. जळालेली घरं आणि गल्ल्या बघून त्यांना रावळपिंडी आठवली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आपण मुंबईला जाताना जी भिवंडी बाजूला टाकून पुढे निघतो, तीच ही. द्वारका चौकातून जाणारा आपला आग्रा रोड एका दिशेला भिवंडीकडे जातो आणि दुसऱ्या दिशेला मालेगावावरून थेट मिर्झाच्या आग्र्याकडे. हे सिनेमे कुठल्या तरी लांबच्या मुलखाचे आहेत असं मला म्हणूनच कधी वाटलं नाही.

'तमस'मधला व्यवहार पाच रुपयांचा आहे. नथू नावाच्या गरीब चर्मकाराला एक ठेकेदार पाच रुपये देतो आणि एक डुक्कर मारून द्यायला सांगतो. डॉक्टरांना हवंय, असं कारण देतो. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. ओम पुरींनी केलेला नथू सगळ्या कथेभर ते ओझं घेऊन फिरतो. ज्याला ना मंदिरात मान, ना मशिदीशी देणंघेणं, त्याच्या हातून वणवा लागतो, आणि ज्याने पैसे दिले तो अमनच्या घोषणा देत मोकळा फिरतो. मालिका बंद करा म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन्ही ठिकाणी निकाल मालिकेच्या बाजूने लागला. तो निकाल मुलीला वाचायला द्या, बारावीच्या वयात समजेल.

मराठीत बघायचं तर 'शेजारी', प्रभातचा, 1941 सालचा, व्ही. शांताराम यांचा. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावातले दोन जिवलग मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला आलेल्या कंपनीवाल्याला गावाची जमीन हवी असते आणि गाव एकजूट असेपर्यंत ती मिळणार नसते. मग तो काय करणार? ह्या दोघांमध्ये पाचर मारतो. आज तो ऐतिहासिक वाटतो, पण तेव्हा ती ताजी गोष्ट होती, मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राष्ट्राची मागणी केली त्या लाहोर ठरावाला जेमतेम वर्ष झालं होतं. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत. ह्याच सिनेमाच्या हिंदी 'पडोसी'त तर शांतारामांनी मुद्दाम उलटापालट केली: मझहर खान हिंदू ठाकूर झाले आणि जागीरदार मिर्झा. मला ह्या निवडीबद्दल शांतारामबापूंचा फार आदर वाटतो. अभिनय थोडा जुन्या वळणाचा आहे, संवाद रंगभूमीसारखे येतात, मुलीला पहिली दहा मिनिटं धीर धरायला सांगा. 'लखलख चंदेरी'च्या नाचापर्यंत ती रमेल.

आता नाशिककर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. धर्माचं भांडण म्हटलं की आपण हिंदू-मुसलमान एवढंच धरतो. पंचवटीत काळाराम मंदिरापुढे 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेला. भांडण एकाच देवाच्या दारात, एकाच धर्माचं नाव सांगणाऱ्यांत. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच्या पाठोपाठ जिल्ह्यातल्या गावागावांत काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. अस्पृश्यांना दुकानातून सामान मिळेना, रस्ते बंद झाले, पोरांना शाळेतून काढलं. हाच तो व्यवहार! सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' जरूर बघा, मामूट्टींचं काम उत्तम आहे. पण चरित्रपटाला सगळं आयुष्य कवेत घ्यायचं असतं, एका आंदोलनाला किती जागा मिळणार? किराणा नाकारलेल्या त्या गावांवर, त्या एकेका घरावर एक अख्खा सिनेमा हवा. फाळक्यांच्या नाशकात तो अजून झाला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परदेशी सिनेमांतले दोनच सांगतो. 'ला रेन मार्गो' (1994) फ्रान्समधल्या 1572 च्या कत्तलीवर आहे. कॅथलिक राजकन्या आणि प्रोटेस्टंट राजा यांचं लग्न समेटासाठी लावलं आणि आठवडाही उलटायच्या आत लग्नाला आलेली प्रोटेस्टंट पाहुणेमंडळी कापली गेली. फार रक्तरंजित आहे, तुम्ही एकट्याने बघा. 'अगोरा' (2009) प्राचीन अलेक्झांड्रियातल्या हायपेशिया या गणिती-तत्त्वज्ञ बाईंवर आहे, मुलीला आवडेल. मात्र तिला सांगा की 391 साली सेरापिसचं मंदिर उद्ध्वस्त झालं हे खरं असलं, तरी त्या वेळी तिथे सिनेमात दाखवलंय तसं मोठं ग्रंथालय होतं याला त्या काळचा पुरावा नाही.

प्रचारकी सिनेमा ओळखायचा कसा, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही बाजूंच्या माणसांना नावं, घरं, पोटापाण्याचे धंदे दिलेत का ते बघा. एका बाजूला रामभाऊ, सावित्री, त्यांची पोरं, आणि दुसऱ्या बाजूला नुसता चाल करून येणारा जमाव, असं असेल तर मी अर्ध्यात उठतो.

क्रम असा ठेवा: वडिलांसाठी आधी 'शेजारी', मग सगळ्यांनी मिळून 'गर्म हवा', आणि त्यानंतर 'तमस' तीन-चार रात्रींत तोडून. 'तमस'ची सुरुवातच नथू आणि डुकराच्या त्या झटापटीने होते, प्रसंग लांबलचक आणि अंगावर येणारा आहे. वडिलांना आधी कल्पना द्या आणि जेवणं उरकून मगच लावा.