गोधडीचे अस्तर गोळा होते, काय करू?

प्रश्न : सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी नातवासाठी शिवायला घेतली आहे. मात्र चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, आणि मध्यभागी दोरे घालून गोधडी उलटी केली तेव्हा खालच्या अस्तराला चुण्या पडलेल्या दिसल्या. शेजारच्या काकू सगळे उसवायला सांगतात. साठीत आता हात बसेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : सगळे मुळीच उसवू नका. चुणीभोवतीचे वीतभर टाके तेवढे काढा, अस्तर कडेच्या दिशेने सरकवून टाचण्या लावा आणि पुन्हा शिवा.

चुणी पडते ती बहुधा शिवण्याच्या आधीच. अस्तर उलट्या बाजूने फरशीवर पसरून चारही कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असे काही जड ठेवावे. कापड सपाट राहील इतकेच ताणावे, कारण फार ओढलेले अस्तर वजन काढताच आखडते आणि वरच्या थरांना सोबत घेऊन गोळा होते. त्यावर आतले थर आणि वरचे जोडकाम अंथरून मधून चारही कडांकडे, दर चार बोटांवर कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी नाकारणार नाही. काही घरांत जुन्या बायका कडेने फेरे घालत आत येतात आणि तरीही त्यांची गोधडी सपाट राहते. पण त्यांचा खालचा डावा हात प्रत्येक टाक्याला अस्तर चाचपत असतो, आणि ती सवय होईपर्यंत आपण मधूनच सुरुवात केलेली बरी. दोरा हातभरच घ्यावा, मेणावरून ओढावा, म्हणजे त्याला गाठी पडत नाहीत.

कोपऱ्यांचे कारण हिशेबात सापडते. बारा चौकोनांच्या एका ओळीत अकरा जोड येतात. प्रत्येक जोडाला दोन्ही कापडांतून एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त दबले, तर बावीस सूत, म्हणजे पावणेतीन इंच, ती ओळ आखूड होते. म्हणून चौकोन कापल्यावर उलट्या बाजूने पाव इंचावर पेन्सिलीने रेघ आखावी आणि रेघेवरूनच शिवावे. ओळी जोडताना आधी जोडावर जोड ठेवून टाचणी लावावी, मगच मधले कापड शिवावे.

अस्तर क्लॉथ मार्केटमधून कोरे आणले असेल, तर शिवण्यापूर्वी ते रात्रभर भिजवून खळ काढायला हवी होती. वर्षानुवर्षे धुतलेली लुगडी आता आटणार नाहीत, कोरे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे अख्ख्या गोधडीवर बारीक सुरकुत्या येतील, आणि खरे सांगायचे तर त्यांत आपले वाकडे टाके लपूनही जातील.

हात बसेल का, हे माझ्या पत्रावरून ठरवू नका. आपलीच पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून पाहा. पुढच्या खेपेस मात्र पलंगभर गोधडीऐवजी सव्वा हाताचे दुपटे घ्या, आठवड्याभरात हातावेगळे होईल.

प्रश्न : जुनी माहेश्वरी साडी गोधडीत वापरावी का?

उत्तर : सुती असेल तर खुशाल वापरा. रेशमी ताण्याची, म्हणजे उभे धागे रेशमाचे असलेली असेल, तर ती सुळकन निसटते आणि सुताबरोबर सारखी आटत नाही, तेव्हा तिची उशीची खोळ शिवावी. जरीचा काठ कापूनच ठेवा. लहान मुलाच्या गालाला तो टोचतो.