फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) किंवा रेस्क्यू बोर्ड (सुटकेसाठीची तरंगती फळी) वापरल्याने जीवरक्षकाचा सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) चांगला होतो का?

थेट नाही, साधनांनी वेळ वाचतो आणि जीवरक्षक कमी दमून किनाऱ्यावर येतो, हाच खरा फायदा. स्पेनमध्ये जीवरक्षकांवर झालेल्या चाचण्यांत फिन्स, बोर्ड अशा साधनांनी सुटका नुसत्या पोहण्यापेक्षा लवकर झाली. पण बुडणाऱ्याला ओढून आणल्यावर धाप लागतेच, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल छाती दाबणं तेव्हा जड जातं. शिवाय बुडालेल्याला आधी श्वास द्यावे लागतात (युरोपीय पद्धतीत ५), तेही धापा टाकत. म्हणून जमल्यास सीपीआर ताज्या दमाच्या साथीदाराने सुरू करावा. मात्र बोर्डचा सराव नसेल तर फुटणाऱ्या लाटांत तो अडचणच होतो. तिथे फिन्स आणि ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला दिली जाणारी तरंगती नळी) बऱ्या.