लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि आरसी (रिमोटवरच्या छोट्या गाड्यांची) रेस: तुमचे प्रश्न

मिरज: रेसआधी चेकिंगला माझा 2एस (दोन सेलचा) पॅक 8.43 व्होल्ट निघाला म्हणून गाडी उतरवूच दिली नाही. एवढ्याशाने काय आभाळ कोसळतं का?

राग आला असणार, पण चेकिंगवाल्याचं बरोबर होतं. साध्या लायपोचा एक सेल फुल म्हणजे 4.20, दोन म्हणजे 8.40, आणि बऱ्याच रेसचा नियम ह्याच आकड्यावर आहे. त्याच्या वर चार्ज करत गेलं की सेलच्या आत लिथियमचा धातू साचायला लागतो, इलेक्ट्रोलाइटचा गॅस होतो, पॅक तापतो. 0.03 ने लगेच पेटणार नाही हे मान्य, पण आज तुम्हाला सोडलं की पुढच्या रेसला कोणीतरी 8.50 घेऊन येणार, कारण व्होल्टेज जास्त म्हणजे स्ट्रेटला स्पीड जास्त, मोह सगळ्यांनाच होतो. नुसत्या चार्जरच्या आकड्यावर जाऊ नका, चांगल्या मीटरने बघा आणि दोन्ही सेल वेगवेगळे बघा, कारण एक 4.27 आणि दुसरा 4.13 असला तरी बेरीज 8.40 च येते आणि धोका त्या 4.27 वाल्यात बसलेला असतो. म्हणून बॅलन्सची पांढरी पिन (दोन्ही सेल सारखे भरणारी) लावल्याशिवाय चार्जिंग नाही म्हणजे नाही. आणि चार्जर चुकून हाय व्होल्टेज मोडवर राहिला तर सेल 4.35 पर्यंत नेतो, स्टार्ट दाबायच्या आधी स्क्रीन वाचत जा.

कराड: पॅकची हार्डकेस (बाहेरचं कडक कवच) मधोमध किंचित फुगलीय, पण गाडी मस्त पळते. टेप मारून हा सीझन काढू का?

नको. पॅक फुगला म्हणजे आत गॅस झालाय, तो टेपने दाबून जात नाही. हार्डकेस असते ती गाडी उलटली, कडेला आपटली तर आतल्या मऊ सेलला भोक पडू नये म्हणून. केसवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा, डगमगली तर पॅक संपला समजा. आधी ट्रेमधे अलगद बसणारा पॅक आता अंगठ्याने दाबून बसवावा लागतोय, तरी तेच. पॅक रिकामा करायला उघड्यावर मातीत ठेवून 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावा, लांबून लक्ष ठेवा, पूर्ण विझला की तारांची टोकं वेगवेगळी टेप करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत अजिबात टाकू नका, तिथे कचरा दाबताना पेटला तर हात त्या कामगाराचे भाजतात. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमातही बॅटरी वेगळी द्यायची हेच सांगितलंय.

सातारा: मुलगा रात्री गादीवर बॅटरी चार्जिंगला लावून झोपतो. म्हणतो, लायपो बॅग आहे. चालतं का?

नाही चालत, आज रात्रीपासूनच बंद करा. बॅग आग थोडी अडवते, धूर अडवत नाही, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुफ्फुसाला फार वाईट. चार्जिंग जागं असताना, उघड्या फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब, शेजारी वाळूची बादली. करंट 1सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेएवढाच, 5000 एमएएचच्या पॅकला 5 अँपिअर. पेटलाच तर हाताला येत असेल तरच प्लग काढायचा, नाहीतर खोलीतून बाहेर, दार ओढून घ्यायचं आणि 101 ला फोन. मुलाला रागवू नका हो, शेजारी बसून एकदा सगळं करून दाखवायला सांगा. आठवडाभर गाडी चालवायची नसेल तर पॅक स्टोरेज मोडला, सेलला 3.8 च्या आसपास ठेवायचा, फुल भरून कपाटात नाही.

सांगली: मे महिन्यात लागोपाठ हीट (रेसच्या फेऱ्या) असतात. पॅक गरम असतानाच चार्जला लावला तर?

थांबा. हाताला कोमट लागेपर्यंतसुद्धा नाही, पार गार झाला की मगच. सावलीत ठेवा, स्कूटीच्या डिकीत तर बिलकुल नको, दुपारी तिथे हात घालवत नाही. दोन हीटमधे वेळ कमी असेल तर दुसरा पॅक घ्या, तोच पॅक घाईने भरू नका.