लातूरच्या अंगणात कडुनिंब लावावा की जास्वंद?

प्रश्न असा आहे: "निवृत्तीनंतर पुण्याहून लातूरला परत आलोय. नवीन घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून कंपाउंडपर्यंत 25 फूट आणि रुंदीला 18 फूट अशी मोकळी जागा आहे. मला सावलीसाठी कडुनिंब लावायचाय, बायकोला देवाच्या फुलांसाठी जास्वंद हवी. ऊन आणि पाणी बघता काय बरं पडेल?"

एकच लावायचं ठरलं असेल तर डोळे झाकून कडुनिंब लावा. पण काकूंनी लगेच नाराज व्हायचं कारण नाही, जास्वंदीची जागा पुढं सांगतो.

आमच्या भागात झाड पारखायचं ते चैत्र-वैशाखात. रोपवाटिकेत आपण जातो पावसाळ्यात, तेव्हा सगळंच हिरवंगार दिसतं आणि माणूस भुलतो. मी स्वतः भुललोय. घराच्या मागं हौसेनं बहावा लावला होता. फुलला की बघत राहावं असं झाड, पण एप्रिलात ऊन तापायला लागलं की हा पानं टाकून उघडा. पिवळे घोस लटकतात, खाली सावली मात्र चाळणीसारखी. गुलमोहराचं तेच, शिवाय त्याचं लाकूड ठिसूळ. मेमधल्या वादळी पावसात फांदी कधी अंगणात येऊन पडेल सांगता येत नाही. कडुनिंब (आमच्याकडं म्हातारी माणसं नुसतं 'लिंब' म्हणतात, पुण्याच्या सवयीनं लिंबू समजू नका) फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो. तेव्हा रोज दोनदा अंगण झाडावं लागतं, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण पाडव्याच्या आगेमागे त्याला कोवळी तांबूस पालवी फुटते, मोहर येतो, आणि ऊन खरं भाजायला लागतं तोवर झाड पुन्हा भरलेलं असतं.

आता पाण्याचं. 2016 चा उन्हाळा तुम्ही पुण्यातून टीव्हीवर बघितला असेल. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर आलं. त्या वर्षी आमच्या दारात तीन जास्वंदी होत्या. आई भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, जे मिळेल ते त्यांना घालायची. धुण्याचं साबणाचं पाणीही घातलं, आणि ते चुकलं. आपली काळी जमीन आधीच खारवटपणाकडं झुकलेली, त्यात साबणातला सोडा साचला की माती चिकट होते, पाणी मुरेनासं होतं. मेच्या शेवटी तिन्ही जास्वंदींच्या काड्या झाल्या. त्याच अंगणातल्या लिंबाला त्या अख्ख्या उन्हाळ्यात कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि आम्ही दुपारी बाज टाकून झोपायचो त्याच्याखालीच.

लिंबाचं रोप पहिली दोन-तीन वर्षं सांभाळावं लागतं. एकदा मूळ खोल गेलं की तो त्याचं बघतो. जमिनीतली वाढलेली जास्वंदसुद्धा मे महिन्यात एक दिवसाआड बादली मागतेच, दहाव्या वर्षीही. टँकरच्या दिवसांत त्या बादलीचा हिशोब घरात भांडणापर्यंत जातो.

दिशेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ लोक 'ऊन दक्षिणेचं' म्हणून झाड दक्षिणेला लावतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो हे खरं, पण हिवाळ्यात सावली कुणाला हवी? लातूरला मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो आणि मावळतो तेही पश्चिमेच्या जरा उत्तरेला. म्हणजे घराला खरा जाच दुपारी तीन ते सहाचा, पश्चिमेच्या भिंतीवर. ती भिंत तापली की रात्री अकरापर्यंत खोलीत वाफ. तुमची मोकळी जागा नेमकी पश्चिमेला आहे, हे नशीबच म्हणायचं.

मेमध्ये चार वाजता लातूरला सूर्य क्षितिजापासून साधारण 38 अंशांवर असतो. त्या वेळी 30 फुटी झाडाची सावली जवळपास 38 फूट पडते. लिंब भिंतीपासून 18 फुटांवर असला तरी त्याची सावली भिंतीवर 15-16 फूट उंचीपर्यंत चढते, म्हणजे खालचा मजला पूर्ण झाकला. सहा फुटी जास्वंदीची सावली त्याच वेळी आठ फूटही भरत नाही. खिडकीला अगदी चिकटून लावली तर तेवढी खिडकी वाचवेल, भिंत नाही. तेव्हा लिंब पश्चिमेच्या जागेत जरा उत्तरेच्या बाजूला सरकवून लावा.

18 फूट हा आकडा मी उगीच धरलेला नाही. आमचं घर किल्लारीच्या भूकंपानंतरचं, 1994 चं. सप्टेंबर 1993 नंतर माळवदाखाली (जुन्या घरांच्या जड मातीच्या छताखाली) झोपायची भीती बसली होती, म्हणून वडिलांनी मोठं अंगण सोडून घर बांधलं आणि लिंब भिंतीपासून चांगला लांब लावला. चुलत्यांनी शेजारीच घर बांधलं, त्यांनी खिडकीवर सावली यावी म्हणून सहा फुटांवर लावला. पंधरा वर्षांनी त्यांच्या कोपऱ्यातल्या भिंतीला खालून वर तिरकी भेग गेली, बोट जाईल एवढी. मुळांनी पाया उचलला असं सगळे म्हणत होते. गवंड्यानं खणून बघितलं तर मुळं बारीक होती, पण माती भेगाळून पायापासून सुटलेली. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मोठं झाड त्यातला उरलासुरला ओलावाही ओढून घेतं, आणि त्या बाजूची माती बाकीपेक्षा जास्त खचते. तुमच्याकडं खाली मुरूम असेल तर ही भीती कमी. काळी असेल तर 15 फुटांच्या आत मोठं झाड नकोच. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरपासूनही लांब ठेवा, आणि वर बघा. विजेच्या तारा जात असतील तर दर पावसाळ्याआधी झाडाचं मुंडण ठरलेलं.

जास्वंदीवर माझा राग नाही. सकाळी दारातून पाच ताजी फुलं तोडून गणपतीला वाहायची, ह्याला पर्याय नाही. फक्त तिला जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत, पूर्वेच्या बाजूला ठेवा, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारची होरपळ चुकेल. कुंडी असली की कडक मेमध्ये ओसरीत सरकवता येते. कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. चुनखडीच्या काळ्या मातीत जास्वंदीची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी ओततात, खरं तर तिला लोह मिळत नसतं. तांबडी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा.

आणि पिठ्या ढेकूण. कळ्यांच्या बुडाशी कापसासारखा पांढरा थर दिसला, खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, की समजायचं आला. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढायचा. मग निंबोळी अर्क, कपाशीवाले मारतात तोच पाच टक्क्यांचा: 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण टाकून संध्याकाळी फवारायची. त्या किड्याच्या अंगावर मेण असतं, साबणाशिवाय अर्क त्यावर ठरत नाही. निंबोळ्या विकत आणायला नकोत, आषाढात तुमच्याच अंगणात पायाखाली चिकचिक करतील इतक्या पडतील. आमच्याकडं लेकरं त्या चोखत हिंडतात आणि आई ओरडत असते.

फुलं हवीत पण पाण्याची हमी नसेल तर तगर बघा, तीही देवाला चालते. कुंपणाला बोगनवेल, तिला पाणी कमी पडलं की उलट जास्त फुलते. कण्हेर सगळ्यांत काटक, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, पण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी. घरात नातवंडं येत-जात असतील तर मी लावणार नाही.

लिंब मोठा होईस्तोवर काय, हा प्रश्न उरतो. आमच्याकडं तो अंगभर सावली द्यायला सहा-सात वर्षं लागली. तोवर पश्चिमेच्या खिडकीवर दोडक्याचा वेल किंवा हिरवी जाळी. ह्यात लाज वाटायचं काही नाही, आम्ही अजूनही एका खिडकीला लावतो.

खड्डा मेमध्येच खणून ठेवा, दोन-अडीच फूट खोल आणि तितकाच रुंद, महिनाभर ऊन खाऊ द्या. मृगाचा पाऊस चांगला झाला, जमीन खोलवर भिजली की रोप लावायचं, पहिल्या दोन सरींच्या भरवशावर नाही. रोप गुडघ्याएवढंच घ्या. पिशवीत वाढून वाढून मुळं गोल फिरलेलं सहा फुटी झाड दिसायला भारदस्त, पण जमिनीत ते रुसतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत बुडाशी एक मडकं पुरा, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुतळीची वात घाला. आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं.

एक राहिलं. ज्या दिवशी रोप लावाल त्याच संध्याकाळी त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. कोवळा लिंब शेळ्यांना फार आवडतो आणि नवीन घराला फाटक बसेपर्यंत त्या आपल्याच घरासारख्या फिरतात. सकाळी करू म्हणालात तर सकाळी तिथं नुसती काडी उभी असेल. आमची दोन रोपं अशीच गेली.